वीस डॉलरचा कायदा

२८ फेब्रुवारी १८९९ रोजी अमेरिकेचे अध्यक्ष विल्यम मॅकिन्ली यांनी एका कायद्यावर सही केली. कायदा कसला, जेमतेम चार-पाच ओळींचा मजकूर होता तो. त्याने कुठला कर बसवला नाही, कुठले खाते काढले नाही, कुणाला तुरुंगात धाडण्याची तरतूद केली नाही. तो केवळ एका बाईसाठी होता. न्यूयॉर्क राज्यातल्या ऑबर्न या गावाच्या वेशीवर राहणाऱ्या, अक्षरओळख नसलेल्या, पंचाहत्तरी ओलांडलेल्या एका कृष्णवर्णीय विधवेला दरमहा आठ डॉलरऐवजी वीस डॉलर पेन्शन द्यावे, एवढेच त्यात म्हटले होते. बाईचे नाव हॅरिएट टबमन डेव्हिस. कायद्याने तिची ओळख करून दिली ती अशी: आठव्या कृष्णवर्णीय पायदळ पलटणीच्या जी तुकडीतील शिपाई कै. नेल्सन डेव्हिस याची विधवा.

हॅरिएट टबमन हे नाव आपल्याकडेही अनेकांना ठाऊक आहे. मेरिलँडच्या गुलामगिरीतून स्वतः निसटलेली आणि मग पुन्हा पुन्हा त्याच नरकात उतरून माणसे बाहेर काढणारी ही बाई. तिच्या लोकांनी तिला मोझेस म्हटले. त्या रोमहर्षक कथा मुलांच्या पुस्तकांतून सांगितल्या जातात आणि त्या सांगाव्यात अशाच आहेत. पण मला तिच्या आयुष्यातली दुसरी एक कथा अधिक खिळवून ठेवते. तिच्यात बंदुका नाहीत, पाठलाग नाहीत. आहेत ते अर्ज, शपथपत्रे, शिफारसपत्रे आणि समित्यांचे अहवाल. सरकारकडून येणे असलेल्या रकमेसाठी हॅरिएट तेहतीस-चौतीस वर्षे झगडली. शेवटी पैसे मिळाले, पण ज्यासाठी मागितले होते त्यासाठी मिळाले नाहीत. या फरकात एका लोकशाहीचा स्वभाव दडलेला आहे, असे मला वाटते.

पाच डॉलरचा वकील

तिचा जन्म बहुधा १८२२ सालचा. मेरिलँडच्या पूर्व किनाऱ्यावरच्या डॉर्चेस्टर परगण्यात बेन रॉस आणि रिट ग्रीन या गुलाम जोडप्याच्या पोटी ती जन्मली. नाव ठेवले अरामिंटा. घरात मिंटी म्हणत. पाच-सहा वर्षांची असल्यापासून तिला भाड्याने इतरांकडे कामाला धाडले जाई आणि मजुरी मालकाच्या खिशात पडे. पोरसवदा असताना बकटाउन गावातल्या एका दुकानात पळू पाहणाऱ्या दुसऱ्या गुलामाला अडवण्यासाठी मुकादमाने दोन पौंडांचे वजन भिरकावले. ते हिच्या डोक्यावर बसले. कवटी फुटली. त्यानंतर जन्मभर बोलता बोलता, चालता चालता तिची शुद्ध हरपत असे.

१८४४ च्या सुमारास जॉन टबमन या स्वतंत्र कृष्णवर्णीय माणसाशी तिने लग्न केले आणि आईचे हॅरिएट हे नाव घेतले. याच काळातली एक गोष्ट चरित्रकार ओझरती सांगतात. मला ती फार मोलाची वाटते. मजुरीतून साठवलेल्या पैशातले पाच डॉलर देऊन तिने एक वकील गाठला आणि आपल्या आईची कायदेशीर स्थिती काय आहे ते शोधायला सांगितले. वकिलाने जुने दप्तर चाळले. पहिल्या मालकाचे मृत्युपत्र निघाले. आई पंचेचाळीस वर्षांची झाली की तिला मुक्त करावे, असे त्यात लिहिलेले होते. ती पंचेचाळिशी केव्हाच उलटून गेली होती! वारसांनी तो कागद दाबून ठेवला नव्हता, फक्त त्याकडे पाहिले नव्हते. ज्यांच्या हक्काचा तो कागद होता त्यांना तो वाचता येत नव्हता, आणि वाचता आला असता तरी कोर्टात उभे राहणे त्यांच्या हाती नव्हते. आपल्या बाजूचा कागद असला म्हणून न्याय मिळतोच असे नाही, हा धडा हॅरिएटला विशी-बाविशीतच मिळाला.

१८४९ मध्ये मालक वारला. गुलाम विकले जाणार अशी कुजबुज सुरू झाली आणि ती पळाली. पहिल्या खेपेला बरोबर असलेले दोन भाऊ घाबरून परतले. मग ती एकटी निघाली. तिच्याविषयी त्या काळी छापलेला एक कागद मात्र उरला आहे. मालकिणीने वर्तमानपत्रात दिलेली ती जाहिरात आहे: मिंटी आणि तिचे भाऊ परागंदा आहेत, राज्याबाहेर पकडून देणाऱ्यास प्रत्येकी शंभर डॉलर. पुढे तिच्या डोक्यावर चाळीस हजारांचे इनाम होते अशी दंतकथा पसरली. खरा आकडा शंभराचा होता.

फिलाडेल्फियाला पोचल्यावर ती सुखाने राहू शकली असती. पण १८५० ते १८६० या दहा वर्षांत ती सुमारे तेरा वेळा परत गेली आणि भाऊ, भाच्या, म्हातारे आईवडील, शेजारीपाजारी अशी सत्तरच्या आसपास माणसे घेऊन आली. जुन्या चरित्रांत हा आकडा तीनशेपर्यंत फुगवलेला दिसतो. तेरा आणि सत्तर हे आकडे अलीकडच्या संशोधकांनी ताळा करून मांडले आहेत. १८५० च्या पळपुट्या गुलामांच्या कायद्याने उत्तरेची मुक्त राज्येही सुरक्षित राहिली नाहीत, तेव्हा तिने आपली माणसे थेट कॅनडातल्या सेंट कॅथरिन्सला पोचवली. १८५९ मध्ये न्यूयॉर्कचे सिनेटर विल्यम सुअर्ड यांनी तिला ऑबर्नजवळ घर आणि थोडी जमीन बाराशे डॉलरला, हप्त्यांनी विकली. या सौद्याची आठवण ठेवू या, कारण पुढे तिचा दावा वॉशिंग्टनपर्यंत पोचला तो या शेजाराच्या बळावर.

दोनशे डॉलर, तीन वर्षे

१८६१ मध्ये यादवी युद्ध पेटले. पुढच्या वर्षी हॅरिएट साउथ कॅरोलायनाच्या किनाऱ्यावर, ब्यूफर्ट आणि हिल्टन हेडच्या लष्करी तळावर दाखल झाली. तिथे तिने इस्पितळात शुश्रूषा केली. अतिसाराने आणि तापाने पटापट मरणाऱ्या सैनिकांना झाडपाल्याचे काढे दिले. स्वयंपाक केला. आणि या सगळ्याच्या आड तिने खरे काम केले ते हेरगिरीचे. त्या भागातल्या नद्या-खाड्यांची खडान्‌खडा माहिती असलेले आठ-नऊ कृष्णवर्णीय टेहळे तिने जमवले. गोऱ्या अधिकाऱ्यांपुढे तोंड न उघडणारे गुलाम हिच्याशी बोलत. शत्रूची ठाणी कुठे, पाण्यात सुरुंग कुठे पेरले आहेत, ही बातमी तिच्याकडून सेनाधिकाऱ्यांकडे जाई.

१८६३ च्या जूनमध्ये, १ आणि २ तारखांच्या मधल्या रात्री, कर्नल जेम्स माँटगोमेरी यांच्या हुकमतीखाली कंबाही नदीतून लष्करी बोटी वर सरकल्या. बोटींवर कृष्णवर्णीय पलटणीचे सैनिक होते आणि वाट दाखवायला हॅरिएट होती. सकाळ होईपर्यंत दोन्ही काठांवरची भाताची कोठारे आणि हवेल्या पेटल्या होत्या, आणि सातशेंवर गुलाम, कडेवर पोरे, डोक्यावर भातुकी, बगलेत कोंबड्या अशा अवस्थेत बोटींकडे धावत होते. दहा वर्षांच्या तेरा फेऱ्यांत जेवढी माणसे सुटली त्याच्या दहापट एका रात्रीत सुटली.

आता हिशेब पाहू. या तीन वर्षांत सरकारकडून तिच्या हाती पडले ते सुमारे दोनशे डॉलर. त्यातूनही तिने नव्याने मुक्त झालेल्या बायकांना चार पैसे मिळावेत म्हणून कपडे धुण्याची एक जागा बांधून दिली. सुरुवातीला तिला सैनिकांप्रमाणे शिधा मिळत असे. पण हिला शिधा आणि आम्हाला नाही, अशी कुरकुर मुक्त झालेल्या लोकांत ऐकू आल्यावर तिने तो सोडून दिला. दिवसभराचे काम आटोपले की रात्री ती पाय आणि जिंजरब्रेड भाजायची आणि दुसऱ्या दिवशी ते छावणीत विकायला लावायची. जनरल हंटर यांनी दिलेला प्रवासाचा परवाना तिच्याजवळ होता. पण नेमणुकीचा हुकूम नव्हता, हजेरीपटावर नाव नव्हते. बाईमाणसाचे, तेही कृष्णवर्णीय बाईचे, नाव सैन्याच्या पटावर चढवण्याची सोयच नव्हती. आणि हेराचे नाव तर मुद्दामच कुठे लिहीत नाहीत.

युद्ध संपले. १८६५ मध्ये ती घरी परतत असताना सैनिकी सवलतीचा पास दाखवूनही आगगाडीच्या कंडक्टरने तिला ओढत नेऊन धूम्रपानाच्या डब्यात फेकले. हात जबर दुखावला. देशाच्या सेवेतून परतल्याची तिची ही पहिली पावती.

राजावर दावा कसा लावायचा?

इथे थोडे थांबून सरकारकडून येणे वसूल कसे करायचे, हा प्रश्न समजून घेतला पाहिजे. इंग्लंडच्या जुन्या कायद्यात राजावर त्याच्याच कोर्टात फिर्याद करता येत नसे. राजा गेला तरी हे तत्त्व अमेरिकेत टिकले: सरकारच्या संमतीवाचून सरकारवर दावा नाही. मग ज्याचे सरकारकडे काही निघते त्याने काय करावे? त्याने आपल्या प्रतिनिधीमार्फत संसदेकडे, म्हणजे काँग्रेसकडे, विनंतिअर्ज करावा. काँग्रेसला पटले तर ती त्या एका माणसापुरता कायदा करी. याला तिथे खासगी कायदा म्हणतात. आपल्या लोकसभेतल्या खासगी विधेयकाशी याची गल्लत करू नये. आपल्याकडे खासगी असतो तो विधेयक मांडणारा सदस्य. तिथे खासगी असतो तो कायद्याचा लाभ.

ही रीत सुरुवातीपासूनची. प्रतिनिधी-सभागृहात दाव्यांची समिती १७९४ पासून होती. युद्धात जळालेली कोठारे, सैन्याने नेलेले घोडे, न मिळालेले पगार, बुडालेली कंत्राटे यांचे अर्ज ढिगाने येत. अध्यक्षपद भोगून पुन्हा साधे सदस्य म्हणून निवडून आलेले जॉन क्विन्सी अ‍ॅडम्स या कामाला इतके विटले होते, की न्यायनिवाडा करायला कायदेमंडळाइतकी वाईट जागा नाही, अशा अर्थाचे त्यांनी रोजनिशीत लिहून ठेवले. १८५५ मध्ये दाव्यांसाठी स्वतंत्र न्यायालय निघाले, पण त्याचा निकाल म्हणजे काँग्रेसला नुसती शिफारस. लिंकन यांनी १८६१ च्या संदेशात बजावले, की दोन नागरिकांमधला न्याय तत्परतेने करणे हे जसे सरकारचे काम आहे, तसेच स्वतःविरुद्धचा न्यायही तत्परतेने करणे हे त्याचे कर्तव्य आहे. त्यानंतर १८६३ मध्ये त्या न्यायालयाला अंतिम निकालाचा अधिकार मिळाला.

पण न्यायालयापुढे जायचे तर करार हवा, नेमणूक हवी, निदान कागद हवा. हॅरिएटकडे होती ती माणसांची आठवण. म्हणून तिच्यापुढे काँग्रेसचा एकच दरवाजा उरला.

तिच्या बाजूने उभी राहिलेली माणसे लहान नव्हती. सुअर्ड आता परराष्ट्रमंत्री झाले होते. रशियाकडून अलास्का बहात्तर लाख डॉलरला विकत घेणारे तेच हे सुअर्ड. त्यांनी हंटर यांना पत्र लिहिले. जनरल रुफस सॅक्स्टन यांनी तिच्या कामाची ग्वाही दिली. ऑबर्नचे बँकर चार्ल्स वुड यांनी १८६८ मध्ये सगळी पत्रे, परवाने जमवून तिच्या सेवेची तपशीलवार कैफियत तयार केली. १८७४ मध्ये न्यूयॉर्कचे मॅकडुगल आणि विस्कॉन्सिनचे हेझल्टन या सदस्यांनी टेहळणी, शुश्रूषा आणि हेरगिरी या कामांबद्दल तिला दोन हजार डॉलर द्यावेत असे विधेयक मांडले. तिन्ही कामे त्यात नावानिशी होती. ते विधेयक बारगळले.

या तारखांच्या शेजारी आपल्याकडची एक तारीख ठेवून पाहावीशी वाटते. १८७३ मध्ये पुण्यात जोतीराव फुल्यांनी गुलामगिरी हे पुस्तक प्रसिद्ध केले आणि ते अर्पण केले अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना, गुलामांना दास्यातून सोडवण्याच्या कामी त्यांनी दाखवलेल्या औदार्यासाठी. त्या औदार्याचा आदर्श आपल्या देशबांधवांनी घ्यावा अशी जोतीरावांची इच्छा होती. त्यांनी मान दिला तो योग्य माणसांना, यात शंका नाही. हॅरिएटला साथ देणारे क्वेकर आणि ऑबर्नचे शेजारी त्यांतलेच होते. पण लोकांचे औदार्य वेगळे आणि सरकारचा जमाखर्च वेगळा. अर्पणपत्रिका छापून झाली त्याच्या पुढच्याच वर्षी हॅरिएटचे दोन हजार डॉलर नामंजूर झाले.

त्याच सरकारने दुसऱ्या एका हिशेबात मात्र हात आखडला नव्हता. १८६२ च्या एप्रिलमध्ये राजधानीच्या जिल्ह्यातली गुलामगिरी कायद्याने रद्द झाली, तेव्हा नुकसानभरपाई दिली गेली. कुणाला? मालकांना! दर गुलामामागे तीनशे डॉलरपर्यंत. त्यासाठी दहा लाख डॉलर बाजूला काढले होते. सुटलेल्या माणसाला शंभर डॉलरपर्यंत मिळायची सोय होती, पण त्याने देश सोडून जायचे कबूल केले तरच.

डेव्हिस की चार्ल्स?

घर मात्र चालवायचे होते. म्हातारे आईवडील होते, भाऊ होते, शिवाय दारात येईल तो अनाथ, आंधळा, पांगळा. लेखिका सारा ब्रॅडफर्ड यांनी १८६९ मध्ये तिचे चरित्र लिहिले ते मुख्यतः घराचे कर्ज फेडण्यासाठी. पुढे १८८६ मध्ये तेच पुन्हा नव्याने लिहून काढले. १८७३ मध्ये दोन भामट्यांनी सोने स्वस्तात देतो म्हणून तिला रानात नेले, बेशुद्ध केले आणि उसने आणलेले दोन हजार डॉलर लांबवले. गरजवंताला अक्कल नसते म्हणतात. मला तर त्यात अक्कलेपेक्षा गरजच दिसते.

१८६९ च्या मार्चमध्ये तिने नेल्सन डेव्हिस या माजी सैनिकाशी लग्न केले. तो तिच्याहून वीसेक वर्षांनी लहान होता आणि क्षयाने पोखरलेला होता. विटा पाडायचा, जमेल तेवढे काम करायचा. १८८८ मध्ये तो वारला. १८९० मध्ये यादवी युद्धातल्या सैनिकांच्या गरीब विधवांना दरमहा आठ डॉलर देणारा सर्वसाधारण कायदा झाला आणि हॅरिएटने लगोलग अर्ज केला.

आता चौकश्या सुरू झाल्या. पलटणीच्या पटावर नेल्सन डेव्हिस नावाचा शिपाईच नव्हता; नाव होते नेल्सन चार्ल्स. गुलामगिरीतून सुटलेल्या माणसाने नाव बदलले यात नवल काय? पण पेन्शन कचेरीला दोघे एकच असल्याचा पुरावा हवा होता. लग्न लागल्याचा पुरावा हवा होता. पहिला नवरा जॉन टबमन हयात नसल्याचा पुरावा हवा होता. तिने साक्षीदार उभे केले, शपथपत्रे दिली, अंगठ्यासारखी फुलीची निशाणी केली. ऑक्टोबर १८९५ मध्ये पेन्शन मंजूर झाले आणि पाच वर्षांच्या थकबाकीचे सुमारे पाचशे डॉलर हाती पडले.

हे वाचताना मला आमच्या वाड्यातले एक आजोबा आठवतात. बेचाळीसच्या चळवळीत ते भूमिगत होते. निरोप पोचवायचे, पत्रके वाटायचे. पुढे स्वातंत्र्यसैनिकांना पेन्शन देण्याची योजना आली तेव्हा त्यांच्याकडे तुरुंगाचा दाखला मागितला गेला. ते कधी पकडलेच गेले नव्हते! ज्याने आपले काम चोख केले त्याच्यामागे कागद राहिला नाही, आणि जो सापडला त्याला तुरुंगाने दाखला दिला. आजोबांना त्याचे हसू यायचे. आजीला यायचे नाही. हॅरिएटची अडचण नेमकी हीच होती. तीही कधी पकडली गेली नाही. मेरिलँडच्या वाटांवर कागद न ठेवणे हाच तिचा जीव वाचवणारा नियम होता, आणि तोच नियम म्हातारपणी तिच्या आड आला.

आठ अधिक बारा

विधवा म्हणून पैसे मिळाले तरी हॅरिएटने आपला मूळ दावा सोडला नाही. १८९७ च्या डिसेंबरात त्या भागाचे सदस्य सेरेनो पेन यांनी तिला दरमहा पंचवीस डॉलर देण्याचे विधेयक मांडले. पंचवीस हा सैनिकाला मिळणारा आकडा होता. त्याच्या पुष्ट्यर्थ तिने दिलेले शपथपत्र आज अमेरिकेच्या राष्ट्रीय अभिलेखागारात जपलेले आहे. मी त्याची प्रत पाहिली आहे. तीन वर्षे इस्पितळात परिचारिका आणि स्वयंपाकीण म्हणून आणि आठ-नऊ टेहळ्यांची नायक म्हणून काम केले, त्याबद्दल माझे अठराशे डॉलर निघतात, असे ती त्यात सांगते. मूळ कागद ज्यांनी तयार केले ते वुड तोवर वारले होते. भाषा वकिली आहे; पण त्यात दया कुठेही मागितलेली नाही. माझे अमुक निघते, एवढेच म्हटले आहे.

समित्यांनी कागद तपासले. परिचारिका म्हणून तिने काम केले हे मान्य झाले. पण १८९२ च्या कायद्याने परिचारिकांना मिळत ते बारा डॉलर. मग हिला पंचवीस कसे द्यायचे? विधवा म्हणून आठ मिळतच होते. आठ आणि बारा वीस! सिनेटच्या समितीने तिची विशेष परिस्थिती ध्यानात घेऊन हा आकडा सुचवला. टेहळ्यांची नायक या बाबीखाली काहीच पडले नाही. आणि कायद्याच्या अंतिम मजकुरात तर परिचारिका हा शब्दही आला नाही. कंबाही नाही, हेरगिरी नाही, इस्पितळ नाही. एका शिपायाची विधवा, तिला आधी मिळत असलेल्या रकमेऐवजी वीस डॉलर. बस.

म्हणजे पैसे वाढले, पण येणे मान्य झाले नाही. सरकारने ऋण फेडले नाही, कृपा केली. ही कृपासुद्धा नाकारण्याजोगी नव्हती. दरमहा बारा डॉलरची वाढ त्या घरातल्या दहा तोंडांना पुरणारी होती. आणि खासगी कायद्याची रीत नसती तर तेही मिळाले नसते, हे कबूल केले पाहिजे. सर्वसाधारण कायदा हा तयार कपड्यासारखा असतो. ज्याच्या अंगाला तो बसत नाही त्याच्यासाठी कुणीतरी माप घ्यावे लागते. पण माप घ्यायला शिंपी ओळखीचा असावा लागतो. हॅरिएटच्या शेजारी सुअर्ड होते, गावात बँकर होते, मतदारसंघात पेन होते. या सोयीचा गैरवापरही भरपूर झाला. मतदार खूश करण्यासाठी सदस्य पेन्शनची शेकडो विधेयके रेटून नेत, आणि अध्यक्ष ग्रोव्हर क्लीव्हलंड यांनी पहिल्या कारकिर्दीत वापरलेल्या चारशे चौदा नकाराधिकारांपैकी बहुतेक असल्याच विधेयकांवर खर्ची पडले.

ज्यांना शेजार नव्हता त्यांचे काय? त्याच सुमारास टेनेसीत कॅली हाउस नावाच्या धोबीण बाईने माजी गुलामांची संघटना बांधून सर्वांसाठी पेन्शन मागायला सुरुवात केली. आयुष्यभर फुकट राबलेल्या म्हाताऱ्यांना सैनिकांसारखे काहीतरी द्या, एवढीच मागणी. ज्या १८९९ साली हॅरिएटचा कायदा झाला, त्याच साली टपाल खात्याने फसवणुकीचा ठपका ठेवून त्या संघटनेची टपाल अडवली. १९१७ मध्ये कॅली हाउसला शिक्षा होऊन तिला तुरुंगात जावे लागले. एकीची मागणी समितीपुढे गेली, हजारोंची मागणी फौजदारी कोर्टात.

उरलेली बाकी

वीस डॉलरचे हॅरिएटने काय केले? १८९६ मध्येच तिने घराला लागून असलेली पंचवीस एकर जमीन लिलावात बोली लावून घेतली होती. तिथे निराधार कृष्णवर्णीय वृद्धांसाठी आश्रम काढायचा होता. ते एकटीला झेपेना, तेव्हा १९०३ मध्ये तिने जमीन आपल्या चर्चला देऊन टाकली. १९०८ मध्ये आश्रम उघडला आणि १९११ मध्ये ती स्वतःच तिथे राहायला गेली. १० मार्च १९१३ रोजी ती गेली. ऑबर्नच्या फोर्ट हिल दफनभूमीत तिला लष्करी इतमामाने मूठमाती मिळाली. जिवंतपणी सैनिक म्हणून कुठल्याही पटावर जिचे नाव चढले नाही, तिला गावातल्या जुन्या सैनिकांनी आपल्यातली म्हणून निरोप दिला.

पुढचे थोडक्यात. १९४६ च्या कायद्यांनी अमेरिकेत सरकारवर नुकसानीचे दावे लावण्याची वाट बरीच मोकळी झाली आणि तशा दाव्यांसाठी खासगी विधेयके आणण्यास मनाई झाली. २००३ मध्ये काँग्रेसने हॅरिएटच्या आश्रमाच्या जतनासाठी ११,७५० डॉलर मंजूर केले. सैनिकाचे पंचवीस आणि तिला मिळालेले वीस, यांतले दरमहा पाच डॉलर १८९९ पासून तिच्या मृत्यूपर्यंत किती होतात, याचा आजच्या भावाने केलेला तो हिशेब होता. २०१६ मध्ये तिचे चित्र वीस डॉलरच्या नोटेवर छापण्याची घोषणा झाली. नेमका वीसचाच आकडा कुणी मुद्दाम निवडला नसावा. २०२४ च्या ११ नोव्हेंबरला, माजी सैनिक दिनी, मेरिलँडने तिला मरणोत्तर ब्रिगेडियर जनरल हा हुद्दा दिला. पळपुटी म्हणून जिची जाहिरात निघाली होती, त्याच मेरिलँडने!

हुद्दे, नोटा, पुतळे यांचे मोल आहेच. पण मला २००३ चा तो पाच डॉलरचा हिशेब सर्वांत मोठा वाटतो. रक्कम किरकोळ आहे, आणि ती घ्यायला ती नव्वद वर्षे उशिरा हयात नव्हती. पण सरकारी वहीत त्या दिवशी पहिल्यांदा नोंद झाली, की ही बाई शिपायाची विधवा होती खरी, पण त्याआधी स्वतः सैनिक होती आणि तिचे आपल्याकडे काही निघत होते. एवढे एक वाक्य लिहून घेण्यासाठी तिने अर्ज केले होते. आपल्याकडेही कचेऱ्यांच्या बाकांवर हयातीचा दाखला सांभाळत बसलेली म्हातारी माणसे दिसतात. त्यांच्या हातातल्या फायलीत पैशाचा अर्ज असतो हे खरे. पण त्याच फायलीत बहुतेक वेळा, आपण काय केले ते कुणीतरी लिहून घ्यावे, ही दुसरी मागणीही असते. पहिली मागणी उशिरा का होईना मंजूर होते. दुसरीसाठी आपल्या छापील अर्जात अजून रकाना नाही.